लीडर झाले आणि फसले! एनएसएसवाल्यांनो, मदत करा

सुतळीबॉम्ब | १९ नोव्हेंबर, रात्री १.४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. सांभाळून घ्या.

मी एसवाय बीएस्सीला आहे. गेल्या वर्षी एनएसएसमध्ये (राष्ट्रीय सेवा योजना) स्वयंसेवक होते आणि खरं सांगते, कॉलेजात तेवढी मजा मला दुसऱ्या कशातच आली नाही. विसर्जनाच्या रात्री निर्माल्य गोळा करण्यापासून पथनाट्यापर्यंत सगळ्यात पुढे. जुलैमध्ये पीओ (कार्यक्रम अधिकारी) सरांनी मला युनिटची लीडर केलं. आईने शेजारी पेढे वाटले. तेव्हापासून एकच्या आत झोपल्याचं आठवत नाही.

शंभर मुलांचं युनिट. कागदावर आम्ही सहा लीडर, प्रत्यक्षात मी. हजेरी मी, ग्रामपंचायतीची पत्रं मी, बॅनरवाला फोन उचलत नाही म्हणून त्याच्या दुकानात जाऊन बसणारी मी. ग्रुपवर मेसेज टाकला की ब्याऐंशी जण वाचतात आणि तीन जण अंगठा दाखवतात. ते तीन अंगठे येतील याचीसुद्धा खात्री नसते.

गेल्या गुरुवारी रक्तदान शिबिर होतं. बारा जणांना साडेसातला बोलावलं, आले चार. खाटा लावल्या, टेबलं ओढली, बिस्किटांचे खोके वर नेले. हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली आलं म्हणून ज्या मुलींना डॉक्टरांनी परत पाठवलं, त्यातली एक माझ्यावरच चिडली, जणू मीच तिचं रक्त पातळ केलं. मी तिच्याशी फार वाईट बोलले. साडेदहाला माझी सगळ्यात जवळची मैत्रीण आली. बॅनरसमोर फोटो काढला आणि म्हणाली, "ए, माझे आठ तास लिही ना." मी लिहिले. मग खालच्या बाथरूममध्ये जाऊन नळ मोठा सोडून रडले.

दुसरीने तेच मागितलं तेव्हा मी नाही म्हटलं. ती आता माझ्याशी बोलत नाही.

२० डिसेंबरपासून शहापूर तालुक्यात सात दिवसांचा कॅम्प आहे. पन्नास मुलं, जिल्हा परिषदेच्या शाळेत मुक्काम, वनराई बंधारा (नाल्यात भरलेल्या गोण्या रचून) बांधायचाय. आणि मला आत्तापासून पोटात गोळा येतोय. एक एटीकेटी आहेच, दुसरी लागेल. मित्रमैत्रिणींकडून काम करून कसं घ्यायचं? ना मी त्यांची बॉस, ना त्यांना पगार. आणि घ्यायचं नसेल तर सोडायचं कसं?

---

कोरा चहा | १९ नोव्हेंबर, सकाळी ७.०५

सोडून दे. दहा मार्कांसाठी एवढं कोण करतं?

---

सुतळीबॉम्ब | १९ नोव्हेंबर, सकाळी ७.३२

मार्कांसाठी नाही करत. (लोकलमधून लिहितेय, उभी आहे.)

---

तिरपागडा | १९ नोव्हेंबर, सकाळी ९.१५

आमच्या ढोल-ताशा पथकात दीडशे वादक आहेत, सगळे हौसेचे. नदीपात्रातल्या सरावाला उशीर झाला की त्या दिवशी ढोल हातात मिळत नाही, मागे उभं राहून बघायचं. कुणीही असो. पथकप्रमुखाच्या सख्ख्या भावाला मी मागे उभा राहिलेला पाहिलाय. मैत्रीबित्री नदीपात्राच्या बाहेर. चार दिवस कडक राहा, आपोआप सुतासारखे सरळ येतील.

---

रानजाई | १९ नोव्हेंबर, सकाळी ११.४०

तिरपागडा, तुमच्याकडे ढोल ही गोष्ट हवीहवीशी आहे म्हणून ती काढून घेण्यात दम आहे. हिने काय काढून घ्यायचं? झाडू? "उशीर केलास, आज तुला गटार साफ करायला मिळणार नाही"? :)

पथकातला नियम मात्र मोलाचा आहे, कारण तो सीझनच्या आधी ठरलेला असतो आणि सगळ्यांनी ऐकलेला असतो. हिच्याकडे नियम नाही. हिच्याकडे फक्त हिचा चेहरा आहे. त्यामुळे कुणी आलं नाही की ते कामाला नाही, हिला टाळतंय असं होतं. आणि "तास लिही" याला "नाही" म्हटलं की कामाला नाही, मैत्रिणीला नाही म्हटल्यासारखं होतं.

संध्याकाळी सविस्तर लिहिते.

---

जुनी सायकल | १९ नोव्हेंबर, दुपारी ३.२०

पोरी, मी अकरा वर्षं पीओ होतो. आता निवृत्त. तुझा धागा वाचून जेवण झाल्यावरची झोप उडाली.

आधी तासांचं. एनएसएसमध्ये वर्षाला १२० तास, दोन वर्षांचे मिळून २४० आणि एक सात दिवसांचं विशेष शिबिर, तेव्हा प्रमाणपत्र. शंभर मुलांमागे एक कार्यक्रम अधिकारी असतो तो याचसाठी. तासांवर सही त्याची, जबाबदारी त्याची. विद्यार्थ्याने फार तर कोण किती वाजता आलं आणि गेलं हे टिपायचं. कुणाला किती तास "द्यायचे" हा निर्णय तुझ्याकडे असताच कामा नये. तुझ्या सरांनी विश्वासाने रजिस्टर तुझ्या हातात दिलं असेल, पण त्या विश्वासाने तुझ्या दोन मैत्रिणी गेल्या. उद्याच्या उद्या ते परत कर. "सर, येण्याजाण्याची वेळ ज्याची त्याने स्वतः लिहायची, तास तुम्ही काढायचे," एवढंच बोल. कुणी आठ तास मागितले की तुझ्याकडे द्यायला काही नाही. बघ किती हलकं वाटतं.

आता माझं पाप. नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझ्याकडे एक मुलगा होता, अगदी तुझ्यासारखा. काहीही सांगा, झालेलं असायचं. मी काय करायचो? सगळं त्यालाच सांगायचो. दुसऱ्याला शिकवण्यापेक्षा ते सोपं होतं. शिबिराच्या चौथ्या रात्री तो तापाने फणफणला. एका पालकांच्या जीपमधून त्याला तालुक्याच्या दवाखान्यात पाठवलं आणि सकाळी पाचला कळलं की स्टोव्हचं रॉकेल कुठे ठेवलंय हे त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. साठ माणसं, चहा नाही. रॉकेल शेवटी सापडलं शाळेच्या घंटेखालच्या कोनाड्यात, पोत्याने झाकलेलं. त्याने नीटच ठेवलं होतं हो. पण ते फक्त त्याच्या डोक्यात होतं.

लोक म्हणायचे, किती गुणी मुलगा. मीही म्हणायचो. त्याची परीक्षा त्या वर्षी बुडाली हे मला पुढच्या जूनमध्ये कळलं.

एक विचारतो. खोलीच्या, कपाटाच्या किल्ल्या कुणाकडे असतात?

---

सुतळीबॉम्ब | १९ नोव्हेंबर, दुपारी ४.०२

काका, माझ्याकडे. गळ्यात, लाल नाडीला. पाच आहेत. एनएसएसची खोली, कपाट, टिकाव-फावड्यांची पेटी, माईकचा खोका आणि पाचवी कशाची आहे ते कुणालाच माहीत नाही. आधीच्या लीडरने दिली म्हणून मी पण बाळगते.

आणि काका, आमच्या बॅजवर कोणार्कचं चाक आहे, त्याचे आठ आरे म्हणजे चोवीस तास. ओरिएंटेशनला सांगितलं होतं, चोवीस तास सेवेला तयार. मग "आज नाही जमणार" असं म्हणायचं तरी कसं?

---

जुनी सायकल | १९ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.१०

अगं, चाक रथाचं आहे. कोणार्कच्या रथाला तशी चोवीस आहेत. एकट्या चाकावर देऊळ उभं नाही.

२४ सप्टेंबर १९६९ ला, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ही योजना सुरू झाली ती ३७ विद्यापीठांतल्या ४० हजार मुलांना घेऊन. एका विद्यार्थ्याने चोवीस तास राबावं हा त्यातला विचार नव्हता. मुलांनी वर्गाबाहेरचा समाज बघावा, हाताला घट्टे पडावेत आणि चार माणसांत वागायला शिकावं, एवढा साधा होता. तू एकटीने सगळं केलंस तर उरलेल्या नव्याण्णवांचं शिक्षण तू खाल्लंस. रागावू नकोस.

---

रानजाई | १९ नोव्हेंबर, रात्री ९.५०

आता सविस्तर. मी कॉलेजात असताना लीडर होते, आज एका संस्थेत हेच काम पगारावर करते, त्यामुळे दोन्ही बाजू पाहिल्यात.

काम सांगणं वेगळं आणि खातं देणं वेगळं. "जाताना पाच किलो कांदे घेऊन ये" हे काम. तो कांदे आणतो आणि मोकळा होतो. पुढे बटाट्याची आठवण तुलाच ठेवायची, गॅस संपत आलाय का ते तुलाच बघायचं. हात त्याचे, डोकं तुझंच. तू थकतेस ती या डोक्याने, खोके उचलून नाही. खोके उचलून छान झोप लागते.

खातं म्हणजे "सात दिवसांचं जेवण तुमच्या दोघांचं." मेनू ते ठरवणार, किराणा ते आणणार, पैसे त्यांच्याकडे, हिशेबाची वही त्यांच्याकडे. गावातल्या कुठल्या काकूंना भाकरीसाठी विचारायचं ते तेच ठरवणार. तू फक्त रात्री दहा मिनिटं विचारायचं, कुठे अडलंय का? आणि त्यांनी चुकवलं तर चुकू द्यायचं. इथे लीडर लोकांचा जीव जातो. माझाही गेला होता. आमच्या कॅम्पला जेवणखात्यातल्या पोराने पन्नास जणांना नऊ किलो तांदूळ शिजवला. पाच किलो पुरतो. मी समोर उभी होते, मला दिसत होतं, तोंडावर हात ठेवून बाहेर गेले. पुढचे दोन्ही नाश्ते फोडणीचा भात. दुसऱ्या दिवशी तो पोरगा तांदूळ मोजताना जो काही एकाग्र दिसत होता, तसा मी त्याला लॅबमध्येही कधी पाहिला नव्हता. पुढच्या वर्षी तो लीडर झाला.

प्रत्येक खात्याला दोघं द्या, त्यातला एक एफवायचा. खात्याचा फोन तुला येता कामा नये, त्या दोघांत मिटला पाहिजे. ग्रुपवर "कोण करेल?" असं विचारू नकोस, शंभर जणांना विचारलेला प्रश्न कुणालाच विचारलेला नसतो. एकेकाला गाठून, नाव घेऊन, चहा पीत विचार. आणि "नाही" म्हणायची मुभा ठेव. नाहीतर "हो" म्हणून न येणारे मिळतात, ते तुझ्याकडे भरपूर आहेतच.

किल्ल्यांचं जुनी सायकल काकांनी बरोबर पकडलं. खातं दिलं की किल्ली द्यायची. किल्ली तुझ्याकडे ठेवून दिलेलं खातं म्हणजे परत कामच.

---

लसावि | १९ नोव्हेंबर, रात्री १०.२५

शंभर जणांच्या ग्रुपबद्दल रानजाई यांना +१. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच शेतीतज्ज्ञाने माणसांना दोर ओढायला लावून मोजलं होतं (१९१३ ला छापलं). माणसं वाढतात तसा प्रत्येकाचा जोर कमी होतो. आठ जण एकत्र ओढतात तेव्हा एकेकाची ओढ एकट्याने ओढताना असते त्याच्या जेमतेम निम्मी. आळशीपणा म्हणण्यापेक्षा, आपण ढिलं सोडलं तरी कुणाला कळत नाही, हे त्यातलं एक कारण.

---

रानजाई | १९ नोव्हेंबर, रात्री १०.४१

म्हणून घमेल्यांची साखळी चालते! साखळीत एकाने घमेलं खाली ठेवलं की पुढचा रिकाम्या हातांनी उभा राहतो, सगळ्यांना दिसतं. आणि गाणी म्हणता येतात.

---

मनमोकळी | २० नोव्हेंबर, दुपारी १.१५

मी मानसशास्त्र शिकवते. एक गंमत सांगते, गंमत म्हणायची का ते तुम्ही ठरवा. "बर्नआउट" हा शब्द आज ऑफिसवाले वापरतात, पण तो अभ्यासात आणणाऱ्या मानसशास्त्रज्ञ फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ च्या लेखात जी माणसं पाहिली होती, ती होती न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यातली. त्यातले बरेच स्वयंसेवक. म्हणजे सुरुवातच मुळी बिनपगारी, मनापासून काम करणाऱ्यांपासून झाली. ते स्वतःही दिवसाची प्रॅक्टिस संपवून तिथे रात्री काम करायचे आणि स्वतःच कोसळले होते. पाट्या टाकणारा माणूस सहसा जळत नाही, जळायला आधी पेटलेलं असावं लागतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत (आयसीडी-११) तो कामाशी जोडलेली अवस्था म्हणून आहे, आजार म्हणून नाही. खुणा तीन: गळून जाणं, कामाबद्दल मन विटणं किंवा कडवट होणं आणि आपल्याकडून काही धड होत नाही असं वाटणं. नुसतं दमणं एका रविवारी झोपून जातं. सुतळीबॉम्ब, तुझ्या धाग्यात मला रडण्यापेक्षा त्या परत पाठवलेल्या मुलीवर खेकसणं जास्त खटकलं. जिच्यासाठी शिबिर, तिचाच राग. ती दुसरी खूण.

झोप सहा तासांच्या खाली जाऊ देऊ नकोस, बाकीचं सगळं त्यानंतर. झोपेतही काम दिसायला लागलं, जेवण जाईना, सकाळी उठावंसंच वाटेना, असं दोन आठवडे चाललं तर कॉलेजच्या समुपदेशकांकडे जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलतात. तिथे बोलायला काही "मोठं" झालेलं असावं लागत नाही.

---

शेवटची लोकल | २० नोव्हेंबर, रात्री ११.५८

सगळे तिला उपाय सांगताय. मी जरा कडू लिहितो.

मी पण होतो लीडर. आठ वर्षांपूर्वी. दोन विषय गेले, टायफॉइड झाला, कॅम्पच्या सांगता समारंभाला मी घरी सलाइनवर. त्यानंतर एनएसएसच्या खोलीकडे फिरकलो नाही, आजही त्या गल्लीतून जात नाही. खूप वर्षं मी सगळ्यांना हेच सांगितलं की बाकीचे कामचोर होते.

होतेच. पण मला ते आवडत होतं. "त्याच्याशिवाय पान हलत नाही" हे सरांनी स्टाफरूममध्ये म्हटलेलं मी दाराबाहेरून ऐकलं होतं आणि दोन दिवस तरंगत होतो. कुणी नीट काम केलं की मला आतून बारीक टोचायचं. मी ते परत करायचो. एका मुलीने हाताने रंगवलेलं पोस्टर मी रात्री खोलीत बसून पुन्हा रंगवलं होतं. सकाळी ती बघत उभी राहिली. काही बोलली नाही. पुन्हा आलीही नाही. आमच्या कामचोरांच्या यादीत तिचं नाव मीच टाकलं.

सुतळीबॉम्ब, तुझं असं असेलच असं नाही. पण पाचवी किल्ली, जिचं कुलूप माहीत नाही, ती का गळ्यात आहे?

---

कोरा चहा | २१ नोव्हेंबर, सकाळी ६.५०

शेवटची लोकल, सलाम.

माझा पहिला प्रतिसाद उगाच होता. मी कॉलेजात काहीच केलं नाही. कॅन्टीनमध्ये बसून करणाऱ्यांना हसायचो.

---

बॉस्टनची बाकरवडी | २१ नोव्हेंबर, सकाळी ८.२०

इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत डिट्टो. वय वर्षं पंचेचाळीस, सगळे नोकरीत मॅनेजर, तरी मोदकांच्या ऑर्डरचा फोन एकाच बाईला. म्हणजे एसवायमधून सुटलीस तरी सुटका नाही हे लक्षात असू दे. :)

आम्ही दोन वर्षांपूर्वी एक केलं, पदाची मुदत एक वर्ष. मुदत संपायच्या तीन महिने आधी पुढचा माणूस शेजारी बसायला लागतो. बास.

---

सुतळीबॉम्ब | २७ नोव्हेंबर, रात्री १०.१५

(वेळ बघा. दहा. मी झोपणार आहे.)

शेवटची लोकल यांचा प्रतिसाद वाचून दोन दिवस मी इथे आलेच नाही. राग आला होता. मग आठवलं, ऑगस्टमध्ये एका एफवायच्या मुलाने हजेरीची छान एक्सेल शीट बनवून दिली होती आणि मी "थँक्स रे" म्हणून वहीतच लिहीत राहिले. माझं अक्षर चांगलं आहे म्हणून. असो.

रजिस्टर सरांना दिलं. सर म्हणाले, "अगं, मला वाटलं तुला आवडतंय." मला काय बोलावं कळेना.

मैत्रिणीला भेटले. आठ तासवालीला. कॅन्टीनला नाही, स्टेशनच्या पुलावर, कारण ती तिथूनच जाते हे मला आता कळलं. ती सप्टेंबरपासून संध्याकाळी एका मोबाइलच्या दुकानात काम करते, रात्री साडेदहाला घरी. वडिलांचं काम सुटलंय. मला म्हणाली, "तू लीडर झाल्यापासून तुझा एकही मेसेज कामाशिवाय आलेला नाही. सांगणार कधी?" मी फोन काढून वर वर सरकवत बघितलं. खरंच नव्हता. शेवटचा साधा मेसेज जूनमधला, तिच्या मांजराच्या पिल्लाबद्दल.

तिला कॅम्पला यायला जमणार नाही. ती दुकानात फावल्या वेळात बसल्या बसल्या फोनवरून पत्रं आणि प्रेसनोट करून देणार आहे. ते खातं तिचं.

कपाटाची किल्ली त्या एक्सेलवाल्याला दिली. पेटीची दोन मुलींना. जेवणखातं घ्यायला कुणी तयार नव्हतं, शेवटी दोन मुलांनी घेतलं, त्यातल्या एकाला चहासुद्धा येत नाही. रानजाईताई, मला घाम फुटलाय.

जी बोलत नव्हती ती अजून बोलत नाही.

---

तिरपागडा | २८ नोव्हेंबर, सकाळी ९.०५

ज्याला चहा येत नाही त्याला आत्ताच घरी दोन वेळा करायला लाव. पन्नास जणांचा पहिला चहा कॅम्पवर नको.

---

जुनी सायकल | २८ नोव्हेंबर, दुपारी ४.१५

बंधाऱ्याच्या सूचना. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या गावातल्या बांधकामवाल्यांकडे आधीच सांगून ठेवा, ऐनवेळी मिळत नाहीत. सुतळी आणि दाभणं मोजून न्या, दाभणं हरवतात. गोणी गच्च भरायची नाही, दोन-तृतीयांश भरून तोंड शिवायचं. गच्च गोणी दगडासारखी होते, दुसरीला चिकटून बसत नाही, पाणी फटीतून निघून जातं. विटांसारखी सांधमोड करून रचा, म्हणजे वरची गोणी खालच्या दोन गोण्यांच्या सांध्यावर. नाल्यात कुठे बांधायचं ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, इंजिनिअरिंगच्या पोरांना नाही.

आणि दुपारी दोन तास सगळ्यांनी आडवं व्हायचं. तूसुद्धा.

---

सुतळीबॉम्ब | २९ डिसेंबर, संध्याकाळी ७.३०

आलो परत. कपड्यांना अजून शेणामातीचा वास आहे, आईने बॅग गॅलरीतच उघडली.

पहिल्या दिवशी चहा पन्नास मिनिटं उशिरा. प्रभातफेरी चहाशिवाय निघाली, मुलं घोषणा देण्याऐवजी जांभया देत होती. मी चुलीजवळ दोनदा गेले आणि दोनदा परत आले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्या चहा न येणाऱ्या मुलाने मला सांगितलं, "ताई, तुम्ही गेलात की चूल पेटते." तिसऱ्या दिवसापासून चहा पाचच्या ठोक्याला. पाचव्या दिवशी भात करपला, एवढा की टोप अजून कॉलेजच्या मागे भिजत पडलाय. पिठलं मात्र त्या दोघांनी असं केलं की ज्या काकूंकडे भाकऱ्या होत्या त्याच टोप घेऊन मागायला आल्या.

बंधारा झाला. दोनशे ऐंशी गोण्या, चार दिवस. जागा एका आजोबांनी काठी टेकून दाखवली. आमच्या मनात होती त्याच्या बरीच वर, जिथे नाला अरुंद होतो. पहिल्याच दिवशी अर्धी दाभणं हरवली, काका, तुम्ही सांगूनही. शेवटच्या संध्याकाळी पाणी चढायला लागलं तेव्हा काही मुलं गोण्यांच्या फटींत चिखल थापत होती आणि त्यात ती न बोलणारीही होती. तिने मला "ते घमेलं दे" म्हटलं. एवढंच. मी दिलं.

सगळं गोड नाही. दोन मुलांची आंघोळीच्या पाण्यावरून मारामारी झाली, एकाचा चष्मा फुटला. दोघीजणी सातही दिवस काही न करता बसल्या, शेवटपर्यंत. मी त्यांच्यावर ओरडले नाही आणि त्यांची कामंही केली नाहीत, त्या बसून राहिल्या आणि सगळ्यांनी बघितलं. सांस्कृतिक कार्यक्रम सरपंचांसमोर अगदीच फिसकटला, माईक बंद पडला, नाटकातला दारुडा हसतच सुटला. सर नाराज आहेत. म्हणाले, गेल्या वर्षी किती शिस्तीत झाला होता. मी म्हटलं, सर, गेल्या वर्षी आधीच्या लीडर ताई स्टेजमागे रडत होत्या, मी त्यांना पाणी दिलं होतं. सर गप्प झाले.

रोज सहा तास झोपले. एका रात्री आठ. परीक्षेचं माहीत नाही, अभ्यास आजपासून.

---

रानजाई | २९ डिसेंबर, रात्री ८.१०

"तुम्ही गेलात की चूल पेटते" हे मी माझ्या ऑफिसच्या दारावर लावणार आहे. पोराला विचारून.

---

मनमोकळी | २९ डिसेंबर, रात्री ८.४४

आणि ती रक्तदान शिबिरातली मुलगी?

---

सुतळीबॉम्ब | २९ डिसेंबर, रात्री ९.०२

शोधली तिला. बी.कॉम.ची आहे. सॉरी म्हटलं. ती म्हणाली, कधी? कशाबद्दल? तिच्या लक्षातही नव्हतं. लोहाच्या गोळ्या घेतेय, पुढच्या शिबिराला येईन म्हणाली.

---

शेवटची लोकल | २९ डिसेंबर, रात्री ११.५५

पाचव्या किल्लीचं काय झालं?

---

सुतळीबॉम्ब | ३० डिसेंबर, सकाळी ७.४०

एक्सेलवाल्याला दिली, म्हटलं तूच शोध. त्याने काल अर्ध्या कॉलेजची कुलपं लावून बघितली, शिपाईमामा मागे लागले होते. जिन्याखालच्या जुन्या नोटीस बोर्डाच्या काचेची निघाली. आत २०१९ च्या रक्तदान शिबिराचं पत्रक आहे, पिवळं पडलेलं, चार कोपऱ्यांना चार टाचण्या. खाली संपर्क म्हणून एकच नाव आणि एकच नंबर.

---

कोरा चहा | ३० डिसेंबर, सकाळी ७.५८

फोन लावून बघ. उचलला तर चहाला बोलव.